बाळासोचा लंगोट

मी बी.एस्सी. झाले ती बेडूक कापून, आणि नोकरीला लागले तीही बेडकांच्याच. माझ्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. शेजारणीने विचारलं की ती सांगायची, "आमची लीला डॉक्टरांच्याकडे असते," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत दुधावरून बोका हाकलायला आत जायची. आमच्या घरी बोका कधी येत नव्हता.

डॉक्टर म्हणजे अंबादास सामानगडकर. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. शाहूपुरीत एका सायकलच्या दुकानावर त्यांची रक्त-लघवी तपासायची प्रयोगशाळा होती. साल त्रेपन्न, महिना मे, आणि पत्र्याखाली आम्ही माणसं भाजून निघत होतो. बेडूक मात्र ओल्या मडक्यांत गार बसलेले असायचे. मला त्यांचा रोज हेवा वाटायचा.

बेडूक कशाला, ते सांगते. बाईला दिवस गेलेत की नाही हे त्याआधी सशावर तपासत. त्याला दोन दिवस लागत आणि ससा जिवानिशी जाई. अप्पांनी एका मासिकात नवी पद्धत वाचली आणि कोल्हापुरात सुरूही केली. नर बेडकाच्या पाठीच्या कातडीखाली बाईची लघवी थोडीशी टोचायची. दोन-तीन तासांनी त्या बेडकाच्याच मूत्राचा एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. बाईला दिवस असतील तर थेंबात त्या नराचे शुक्राणू वळवळताना दिसतात. नसतील तर नुसतं पाणी. बेडकाला सहसा काही होत नाही. पंधरा दिवस आराम दिला की गडी पुन्हा तयार. हे बेडूक म्हणजे तळ्यातले गुळगुळीत बेडूक नव्हेत. कोरड्या अंगाचे, पाठीवर फोड असलेले, उड्या मारायचा आळस करणारे. पुस्तकात त्यांना भेक म्हणतात. कोल्हापुरात सगळ्यालाच बेडूक म्हणतात, मीही तेच म्हणते.

या बेडकांची देखभाल हंबीररावांकडे होती. हंबीरराव एकेकाळचे पैलवान. गुडघा गेला तशी कुस्ती सुटली, पण चुरगळलेले कान आणि चालण्यातला डौल तसाच होता. वय अठ्ठेचाळीस. अप्पांनी त्यांना मडकी ओली ठेवायला आणि बेडकांना किडे घालायला नेमलं होतं. हंबीररावांनी त्याची तालीमच करून टाकली. ओळीने बारा मडकी, प्रत्येकात एक नर, प्रत्येकाला नाव. सकाळी आल्यावर ते एकेकाला हातावर घेऊन पोट चाचपायचे आणि खुराक ठरवायचे. एकदा तर मडक्यांच्या तळाशी मला पांढरं पाणी दिसलं. वास घेतला, तर बदामाची थंडाई!

"हंबीरराव, बेडूक दूध पीत नाहीत!"

"पीत न्हाईत त्ये कळलं की आता," ते शांतपणे म्हणाले. "पर बगाय पायजे हुतं का न्हाय?"

त्यांच्या बोलण्यात दिवसातून दहादा एक शब्द यायचा, तो म्हणजे लंगोट. पैलवानाने लंगोट राखला पाहिजे, म्हणजे ब्रह्मचर्य पाळलं पाहिजे, हे त्यांच्या धर्माचं पहिलं आणि शेवटचं कलम. हंबीररावांचं लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती. तरीही ते तालमीत छातीठोक सांगायचे, "लगीन झालं म्हणून काय झालं? आपला लंगोट आजून पक्का हाय." त्यांना मूल नव्हतं आणि त्याचं कारण सगळ्या पेठेला ठाऊक होतं. लोक त्यांची थट्टा करायचे, कुणी मागे कुजबुजायचं. मला त्यांच्या बायकोची, चिमणाबाईंची, दया यायची. एवढी देखणी, हसरी बाई आणि नशिबी हा हट्टी मारुती. तेव्हा मला असंच वाटायचं, खोटं कशाला सांगू?

बाळासो आला तो एप्रिलच्या शेवटी. बेडूक पुरवायचं काम केरबाचं. हा खेडोपाडी फिरून ओलाव्याच्या जागा हुडकायचा आणि पोत्यातून बेडूक आणायचा. त्याचा मेव्हणा गगनबावड्याच्या घाटाखालून लॉरीत बांबू भरून आणायचा. त्या बांबूच्या एका पेरात हा निघाला. माझ्या अंगठ्याएवढा, वाळक्या पानाच्या रंगाचा, पाठीवर मोहरीसारखे फोड.

"पिल्लू आहे. सोडून दे," मी म्हटलं.

तेवढ्यात पिल्लाने गळ्याचा फुगा करून किर्रर्र केलं. अप्पा भिंग घेऊन धावत आले. त्यांनी त्याचा काळसर गळा बघितला, पुढच्या बोटांवरचे खरखरीत ठिपके बघितले आणि म्हणाले, "लीला, हे पिल्लू नाही. हा पुरा वाढलेला नर आहे. ही जातच एवढीशी. घाटाखालच्या दाट जंगलात पाचोळ्यात राहत असणार. माझ्याजवळच्या एकाही पुस्तकात नाही."

त्यांनी त्याचं चित्र काढून मुंबईला कुणा जाणकाराला पाठवलं. हंबीररावांना जाणकाराची गरज नव्हती. "वजनात बारका हाय, पर रुबाब बगा. बाळासाहेब शोभतोय," ते म्हणाले. बाळासाहेबाचं कोल्हापुरात बाळासो होतं, तसं झालं. त्याला तेरावं मडकं मिळालं. त्यात कळंब्याच्या तळ्याकाठची ओली माती, वर आंब्याची वाळकी पानं, आणि रोज सकाळी जुन्या फळीतून टोकरून काढलेली वाळवी. बाळासो एका दमात वीस वाळव्या उडवायचा. तो तपासणीला नव्हता, नुसता पाहुणा होता, आणि हंबीररावांचा जीव होता.

आता माझी चूक सांगते. मला आडपडदा ठेवून बोलायला जमत नाही. आई म्हणते की म्हणूनच माझं लग्न जमत नव्हतं. मेच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी हंबीरराव सूक्ष्मदर्शकाकडे बोट करून म्हणाले, "ताई, त्या नळीतनं तुमी रोज काय बगतासा?" दोन वर्षांत हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. बाईची लघवी टोचली की बेडकाला "कळतं", एवढीच त्यांची समजूत. मी सरळ सगळं सांगून टाकलं. शुक्राणू म्हणजे काय तेही सांगितलं.

हंबीरराव उभ्या उभ्या पांढरे पडले.

"म्हंजे तुमी आमच्या पोरांचा लंगोट सोडवतासा व्हय?"

"अहो हंबीरराव, ते बेडूक आहेत."

"आन् मी त्येंचा वस्ताद हाय!"

एवढं बोलून ते निघून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सोमवारी आले ते हसतमुख, मडकी लखलखीत धुतलेली. मला वाटलं, उतरला राग. मी सुटकेचा श्वास टाकला आणि कामाला लागले. माणूस एवढ्या लवकर हसायला लागला की संशय घ्यावा, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी आठला, चिमणाबाई जिना चढून आल्या. हंबीरराव त्या वेळी बेडकांसाठी किडे गोळा करायला गेलेले असत, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पदराखाली बाटली होती.

"लीलाताई, ह्यांना कळू द्यायचं न्हाय," त्या बसायच्या आधीच म्हणाल्या.

त्यांना तीन महिने पाळी आली नव्हती आणि ओटीपोटात काहीतरी घट्ट हाताला लागत होतं. वय सदतीस. महिन्यातून एकदा बाहेरगावहून एक शस्त्रक्रियावाले डॉक्टर कोल्हापुरात येत. त्यांनी तपासून सांगितलं होतं की बहुतेक गर्भाशयात गाठ आहे, आणि गाठ असली तर महिनाभर थांबण्यात अर्थ नाही, उद्या सकाळीच पिशवी काढून टाकू. पण दिवस गेलेले असण्याची रतीभर शक्यता आहे, म्हणून अप्पांच्याकडची तपासणी करून संध्याकाळी सहापर्यंत कळवा.

"हंबीररावांना सांगत का नाही?" मी विचारलं.

"गाठ म्हटलं तर जेवण सोडतील, आन् मूल म्हटलं तर गावभर पेढं वाटतील. दोन्ही आदी नगं. काय ते ठरलं की मीच सांगीन." मग खाली बघून त्या हळूच म्हणाल्या, "तीनदा असंच वाटलंतं मला. तिन्ही वेळा काय नव्हतं. आता तुमच्या बेडकाचंच खरं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. अकरा वर्षांच्या पक्क्या लंगोटात तीनदा वाटायला जागा कुठून आली, हा हिशेब माझ्या डोक्यात तिथल्या तिथे चुकला. पण विचारायची ती वेळ नव्हती. बाटलीवर मी सात नंबर लिहिला. आमच्याकडे नाव लिहीत नसत, नुसता नंबर. त्या संध्याकाळी पाचला येते म्हणून गेल्या.

दहाला हंबीररावांनी मडक्यातून बेडूक काढून ट्रेमध्ये ठेवून दिला. मी टोचला. एक वाजता थेंब बघितला. नुसतं पाणी. दोनला बघितला, पाणीच. मी वहीत सातपुढे "नाही" लिहिलं आणि मला रडू आलं. पेन ठेवलं आणि जरा वेळ खिडकीत उभी राहिले. खाली सायकलवाला चाकात हवा भरत होता.

बेडूक मडक्यात परत टाकायचं काम हंबीररावांचं, पण ते जेवायला गेले होते. म्हणून मीच त्याला दोन्ही बगलांत बोटं घालून उचललं. तो गप्प लोंबकळत राहिला. मी दोन पावलं चालले आणि थांबले.

नर बेडकाला बगलेत धरलं की तो कुरकुरतो. कुक, कुक, कुक, असा सारखा. त्याला वाटतं, दुसऱ्या नराने चुकून मिठी मारलीय, म्हणून तो "सोड, मी बाई नव्हे" असं ओरडत असतो. मादी कधी कुरकुरत नाही. हा बेडूक गप्प होता. मी त्याला दाबलं, हलवलं. गप्प. दुसऱ्या मडक्यातला उचलला. गप्प. तिसरा, चौथा, बाराही मडक्यांतले झाले. साऱ्या माद्या! थोराड, गुबगुबीत, शहाण्यासारख्या गप्प. मादीत शुक्राणू कुठून दिसणार? तिला हत्तिणीची लघवी टोचली असती तरी थेंब पाण्याचाच निघाला असता.

जिन्यावर पावलं वाजली. हंबीरराव मिशा पुसत वर आले, माझ्या हातातली मादी बघितली आणि दारातच थबकले.

"पोरं कुठं आहेत?" मी विचारलं. माझा आवाज खालच्या दुकानात गेला असणार, कारण हवा भरायची थांबली.

"सोडली," ते म्हणाले. "रविवारी, कळंब्याला. केरबाकडनं बाया मागवल्या. टोचून घ्यायला काय, बायाबी घेत्यात की. पोरांचा लंगोट तरी ऱ्हाईल." आणि वर समजावल्यासारखं म्हणाले, "तुमी रागावू नगासा. कुणाचं काय बिघडलं न्हाय."

तिथे माझा तोल गेला. नंबरामागचं नाव सांगायचं नाही हा आमच्या कामाचा पहिला नियम. तो मी मोडला, आणि आजही मोडीन.

"सात नंबर कुणाचा आहे माहीत आहे? तुमच्या चिमणाबाईंचा! पोटात गाठ आहे की मूल, एवढंच या बेडकाने सांगायचं होतं. नाही म्हटलं तर उद्या सकाळी त्यांची पिशवी कापून काढणार आहेत. आणि मी 'नाही' लिहून बसलेय!"

हंबीरराव भिंतीला टेकले आणि घसरत खाली बसले. त्यांच्यासारखा धिप्पाड माणूस एवढा लहान झालेला मी कधी बघितला नव्हता. मला त्यांना आणखी चार शब्द सुनवायचे होते, ते माझ्याच्याने बोलवेनात.

अप्पा आतून आले. त्यांना सगळं दोन मिनिटांत कळलं. ते कधी चिडत नसत, त्या दिवशीही चिडले नाहीत, फक्त चष्मा काढून दोनदा पुसला. त्या आठवड्यातल्या आणखी दोन बायकांना त्यांनी ताबडतोब निरोप धाडला की बाटल्या पुन्हा पाठवा. मग म्हणाले, "त्यांना थांबता येईल. चिमणाबाईंना येत नाही. गाठ असली तर महिना घालवणं धोक्याचं, मूल असलं तर उद्याची सुरी. बाटलीतलं उरलंय का?"

"बर्फात आहे," मी म्हटलं. "पण नर कुठून आणू? केरबा आता सोमवारी येणार. आणि मेच्या उन्हात कळंब्याला सोडलेले नर हातभर जमिनीखाली गेले असणार."

तेवढ्यात तेराव्या मडक्यातून आवाज आला. किर्रर्र.

आम्ही तिघांनी एकदम तिकडे बघितलं.

"एवढासा जीव," अप्पा म्हणाले. "नेहमीच्या मात्रेने दहादा मरेल. अगदी थोडं टोचलं तरी तगेल याची खात्री नाही. आणि या जातीवर ही तपासणी कुणी केलीय का, तेही मला माहीत नाही. हंबीरराव, तुम्ही सांगा."

हंबीरराव उठले. मडक्यातली पानं बाजूला केली आणि बाळासोला तळहातावर घेतलं. त्यांचा तळहात ताटलीएवढा आणि त्यावर ते मोहरीच्या फोडांचं गाठोडं. ते त्याच्याशी बोलायला लागले, अगदी तालमीत पठ्ठ्याशी बोलावं तसं.

"बाळासो, वजन तुजं कमी हाय आन् जोड भारी हाय. माजी चूक हाय, ती तू भोगायची, ह्ये काय बरोबर न्हाय. पर आज तूच एक गडी ऱ्हायलास." मग हात माझ्यापुढे केला. "टोचा."

आधी मी टोचण्यापूर्वीचा थेंब बघितला, कारण आता माझा कुणावरच विश्वास उरला नव्हता. स्वच्छ पाणी.

"कोरा हाय न्हवं?" हंबीरराव म्हणाले. अशा वेळीही त्यांच्या आवाजात अभिमान होता.

सगळ्यात बारीक सुई घेतली, तीत शाळेतल्या टाकाच्या टोकावर मावेल एवढंच भरलं आणि टोचलं. बाळासो एकदा आक्रसला आणि मग डोळे मिटून बसला. अडीच वाजले होते. पाच वाजता त्या येणार होत्या.

हंबीरराव मडक्यापुढे मांडी घालून बसले. मी त्यांना चहा दिला, तो तसाच गार झाला. साडेतीनच्या सुमारास ते आपणहून बोलायला लागले.

"ताई, येक सांगू? लंगोट-बिंगोट काय न्हाय माजा."

मी हातातली काच खाली ठेवली.

"लगीन झाल्यावर दुसऱ्या वर्सापास्नं बायका हिला टोचून बोलाय लागल्या. वटी भराय बोलवनात. बारशाला गेली तर पाळण्याला हात लावू देईनात. घरी यायची, आन् काय झालंच न्हाय असं दावायची. तवा मी तालमीत जाऊन सांगून टाकलं, माजा लंगोट हाय म्हणून. मग समदी मला नावं ठिवाय लागली. हिला सोडली. मला काय, पैलवान गडी, लई मार खाल्लाय."

"चिमणाबाईंना माहीत आहे?"

"न कळाय काय झालं? पर ती कवा बोलली न्हाय आन् मीबी न्हाय."

मला ज्या हट्टी मारुतीचा राग यायचा तो माझ्यासमोर बसून धोतराच्या सोग्याने नाक पुसत होता. मला स्वतःची लाज वाटली, आणि तो माणूस फार फार आवडला.

"मग बेडकांच्या लंगोटासाठी एवढं कशाला केलंत?"

त्यांनी मडक्यातलं एक पान सरळ केलं. "धा वर्सं तेच तेच बोलतोय की. बोलून बोलून खरंच वाटाय लागलं. माजा न्हाय तर न्हाय, ह्या पोरांचा तरी खरा असू दे म्हटलं."

चार वाजता बाळासोने डोळे उघडले. हंबीररावांनी त्याच्यापुढे एक वाळवी धरली. त्याने बघितलं नाही. साडेचारला मी त्याचा थेंब घेतला. एवढ्याशा बेडकाचा थेंबही एवढासाच, टाचणीच्या टोकाइतका. काच लावली, आरसा फिरवला, डोळा टेकवला.

पाणी. मी पट्टी सरकवली. पाणी. अप्पा मागे उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. आणखी सरकवली. एक बारीक दोरा दिसला. धूळ असेल म्हणून मी श्वास रोखून बघत राहिले. दोरा वळला. त्याच्या बाजूने दुसरा गेला. मग कडेने सातआठ, वळवळत, घाईघाईने, वाट चुकल्यासारखे. मी डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. होते. मी अप्पांना जागा दिली. त्यांनी बघितलं आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. माझ्या वडलांनंतर मला कुणी टपली मारली नव्हती.

"हंबीरराव, या," अप्पा म्हणाले. "स्वतः बघा."

ते गुडघा दुमडून वाकले. मोठा वेळ बघत राहिले. मग न उठताच म्हणाले, "ह्ये... ह्ये बाळासोचं?"

"बाळासोचं."

"आन् त्येचा अर्थ?"

"गाठ नाही. मूल आहे," अप्पा म्हणाले. "शस्त्रक्रियेला नाही म्हणून मी आताच कळवतो."

हंबीरराव जमिनीवरच बसले. तोंडावर दोन्ही हात घेतले आणि मोठ्याने रडायला लागले. कोल्हापूरचा माणूस रडतानाही हळू आवाजात रडत नाही. खालचा सायकलवाला वर येऊन दारात उभा राहिला आणि काही न विचारता परत गेला. जरा वेळाने हात काढून त्यांनी मडक्यात बघितलं. बाळासो वाळवी खात होता.

"बाळासो," ते म्हणाले, "तुजाबी सुटला आन् माजाबी उगडा पडला. येकाच दिवशी."

पाचला पाच मिनिटं कमी असताना चिमणाबाई आल्या. नवऱ्याला असा जमिनीवर रडताना बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दाराची चौकट धरली.

"गाठच हाय न्हवं?" त्या मला म्हणाल्या.

मी सांगणारच होते, पण हंबीररावांनी हात वर केला. ते उठून त्यांच्यासमोर गेले. बोलायचा प्रयत्न दोनदा केला, जमलं नाही. शेवटी त्यांनी बाळासोला मडक्यातून काढून चिमणाबाईंच्या पुढ्यात धरलं, जणू तोच सांगेल. बाळासोने गळा फुगवला आणि किर्रर्र केलं.

"अवो, नीट सांगा की!"

"हाय," ते म्हणाले. "ह्या खेपंला हाय."

चिमणाबाईंचा एक हात चौकटीवर होता, दुसरा पोटावर गेला. मग त्या हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हसत होत्या. त्यांनी बोटाच्या टोकाने बाळासोच्या पाठीला हात लावला.

"आता पेठंत काय सांगणार तुमी?" त्यांनी विचारलं. "धा वर्सं नुसतं लंगोट लंगोट..."

हंबीररावांनी मान खाली घातली. मी त्यांना कुस्तीत हरताना कधी बघितलं नव्हतं, पण ते हरायचे तेव्हा असेच दिसत असणार, फक्त एवढे खूश नसणार.

शुक्रवारची शस्त्रक्रिया अर्थातच झाली नाही. रविवारी हंबीरराव तेरावं मडकं मांडीवर घेऊन एस.टी.ने गगनबावड्याला गेले. मडक्यात काय आहे म्हणून कंडक्टरने विचारलं, तेव्हा म्हणाले, "पावणं हायत. घरी पोचवतोय." घाट पायी उतरून खालच्या जंगलात त्यांनी बाळासोला पाचोळ्यात सोडलं. सोडताना चिमूटभर तालमीची तांबडी माती त्याच्या पाठीला लावली. तो दोन उड्यांत पानांत पानासारखा झाला, मग दिसलाच नाही. मुंबईच्या जाणकाराचं पत्र दोन महिन्यांनी आलं, की चित्रावरून जात सांगता येत नाही, बेडूक पाठवा. अप्पांनी उत्तर लिहिलं की बेडूक कामगिरी पुरी करून घरी गेला.

सोमवारी केरबाने नवे नर आणले. त्यांना मडकी मिळाली, किडे मिळाले, पण हंबीररावांनी कुणालाच नाव ठेवलं नाही. टोचायच्या वेळी आपणहून नर काढून द्यायचे, आणि द्यायच्या आधी बगलेत धरून कुरकुरतो का ते मला ऐकवायचे.

पेढे मात्र त्यांनी गुरुवारीच संध्याकाळी तालमीत वाटले होते. हे मला सायकलवाल्याने सांगितलं, तो तिथे जोर काढायला जायचा. तालमीत असा गदारोळ उठला की रस्त्यावरचे लोक आत डोकावले. एक दांडगट पोरगा तोंडात पेढा घेऊन ओरडला, "वस्ताद, आन् लंगोटाचं काय वो?"

सगळे हसले. हंबीररावांनी सगळ्यांचं हसून होऊ दिलं. मग पेढ्याची पाटी पुढच्या माणसाकडे सरकवून म्हणाले, "आता त्येची गरज न्हाय."